मुलाच्या हातून मोठा गुन्हा घडला तर

आजचा विषय जरा जड आहे. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल, पण जवळ वही-पेन असेल तर चार गोष्टी लिहून ठेवा. आपल्या घरात कधी लागू नयेत अशाच या गोष्टी आहेत, पण माहीत मात्र असाव्यात.

आम्ही बचत गटांचं काम बघणाऱ्या बाया. बैठक, हप्ता, कर्जाची नोंद, बँकेतल्या खेपा हेच आमचं रोजचं काम. कायद्याचं शिक्षण आम्ही घेतलेलं नाही. पण गेल्या वर्षी आमच्या एका गटावर असा प्रसंग आला की कायदा समजून घेतल्याशिवाय गट टिकेना. गावाचं नाव आम्ही सांगणार नाही. का सांगणार नाही, तेही पुढं कळेल.

यात्रेच्या रात्री पोरापोरांत बाचाबाची झाली. एकाच्या हातात चाकू होता. वीस वर्षांचा एक पोरगा जिवानिशी गेला. ज्याच्यावर आरोप आहे तो सतरा वर्षांचा, अकरावीत शिकणारा. आणि दोघांच्याही आया एकाच गटात. नऊ वर्षं एका सतरंजीवर बसलेल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला गेलेल्या.

दोन महिने दोघीही बैठकीला आल्या नाहीत. मग आम्ही दोघींच्या घरी वेगवेगळ्या दिवशी गेलो. ज्या माउलीचा लेक गेला, ती म्हणाली, “ताई, गावात समदे म्हणत्यात, त्याचं वय कमी हाय, तो सुटणार. मग माझ्या लेकाचं काय? त्याला काय जीव नव्हता?” दुसरीकडं गेलो तर ती आई चुलीपुढं बसून होती. तिनं आमचा हात धरून विचारलं, “ताई, फाशी तर देत नाहीत ना हो? मोठ्या गुन्हेगारांत नेऊन टाकतील का त्याला?”

दोघींना तेव्हा आम्हाला काहीच सांगता आलं नाही. मग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरणात गेलो, तिथल्या वकीलताईंकडून समजून घेतलं, कायदा आणून वाचला. दोघींच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं की नुसतं वय कमी म्हणून तो सुटत नाही, आणि त्याला फाशीही होत नाही. या दोन टोकांच्या मधे कायद्याचा एक लांब रस्ता आहे. तोच आज आपण बघू.

वय कुठल्या दिवसाचं धरतात?

आपल्याकडं अठरा वर्षं पुरी न झालेल्या कुणालाही कायदा बालकच म्हणतो. अशा मुलावर गुन्ह्याचा आरोप आला तर त्याला आरोपी म्हणत नाहीत, ‘विधी संघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. पोलिसांच्या कागदावर हे शब्द दिसले तर घाबरू नका. मूल कायद्याच्या कचाट्यात सापडलंय, एवढाच त्याचा अर्थ.

वय धरतात ते गुन्हा घडला त्या दिवसाचं. पकडलं त्या दिवसाचं नाही, निकालाच्या दिवसाचंही नाही. गुन्ह्याच्या दिवशी मुलगा सतरा वर्षं अकरा महिन्यांचा असेल आणि प्रकरण चालू असताना एकोणीसचा झाला, तरी तो बालकाच्याच कायद्यात राहतो.

वयाचा पुरावा कुठला? कायद्यात त्याचा क्रम लावून दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आता आपल्याकडं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. आपल्या पिढीतल्या किती जणींची जन्मतारीख १ जून आहे! गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिली, ती जन्मभर चिकटली. आपल्या बाबतीत ते हसण्यावारी गेलं. पण अशा प्रकरणात शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ माणसाचं आयुष्य ठरवते.

याचं महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. १९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात बायका होत्या, लेकरं होती. फार भयंकर प्रकार होता. त्यात राजस्थानातून आलेल्या एकाला फाशीची शिक्षा झाली आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली. पुढं कितीतरी वर्षांनी त्याच्या गावाकडच्या शाळेची नोंद न्यायालयासमोर आली. त्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय होतं साडेबारा वर्षं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडायला सांगितलं. तोवर त्याची २८ वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती. बालकाच्या कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं.

ही गोष्ट आम्ही गटात सांगितली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. एक म्हातारी म्हणाली, “मेलेल्यांचं वाईट वाटतं, आन् त्याचंबी वाटतं. कुणाचं जास्त वाटावं, कळंना.” आम्हालाही कळलं नाही. पण एवढं कळलं की वयाचा मुद्दा कधीही मांडता येतो, शिक्षा लागल्यानंतरसुद्धा.

सोळा ते अठरा हा वेगळा गट कसा झाला?

१९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक होती. २००० सालच्या कायद्यानं दोघांनाही अठरा केलं. तेव्हा गुन्हा कितीही मोठा असला तरी बालकाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येत होतं.

मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमधला तो अत्याचार झाला. तो आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्यातला एक जण अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षं झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला. देशभर लोक चिडले. त्याच आठवड्यात राज्यसभेत नवा कायदा मंजूर झाला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याचं नाव बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. या कायद्यानं बालकाचं वय अठराच ठेवलं, पण सोळा ते अठरा या वयातल्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला असेल तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे तपासायची वाट काढली.

म्हणजे ‘सोळा झाले की मोठ्यासारखी शिक्षा’ असं गावात कुणी म्हणालं तर ते अर्धवट आहे. सोळाच्या आतल्या मुलाचा खटला मोठ्यासारखा चालतच नाही, मग गुन्हा खुनाचा का असेना. आणि सोळाच्या वरच्या मुलालाही आपोआप मोठं धरत नाहीत.

गुन्ह्याच्या तीन पायऱ्या

कायद्यानं गुन्ह्याच्या तीन पायऱ्या केल्यात. ज्याला मोठ्या माणसांच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, तो किरकोळ. त्याच्या वरचा गंभीर. आणि ज्याला कमीत कमी सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा सांगितली आहे, तो अतिगंभीर.

इथं ‘कमीत कमी’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. काही गुन्ह्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण कमीत कमी किती ते लिहिलेलं नाही. खुनाचा प्रयत्न हा त्यातलाच. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असे गुन्हे अतिगंभीर धरायचे नाहीत, गंभीर धरायचे. पुढं २०२१ मध्ये कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. खून मात्र अतिगंभीर, कारण त्याला कमीत कमी शिक्षाच जन्मठेपेची आहे. बलात्कार, हुंडाबळी हेही अतिगंभीर.

आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ती आपल्या गावागावांत घडते. सतरा वर्षांचा मुलगा आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पळून जातात. मुलीचे आईवडील तक्रार देतात. मुलगी सांगते, मी माझ्या मर्जीनं गेले. पण अठराच्या आतल्या मुलीची मर्जी पोक्सो कायदा धरत नाही. शरीरसंबंध आला असेल तर कमीत कमी शिक्षा दहा वर्षांची, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस वर्षांची. म्हणजे हाही अतिगंभीर गुन्हा झाला. “पोरांचं वय हाय, चालायचंच” असं म्हणणाऱ्या घरांनी हे आधीच मुलांना सांगून ठेवलेलं बरं. मुलीच्या आईनंही आणि मुलाच्या आईनंही.

पकडल्यापासून पहिले दिवस

मुलाला पकडलं की त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं असतं. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेड्या घालायच्या नाहीत. आईबापांना लगेच कळवायचं. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं उभं करायचं.

आमच्या गटातल्या त्या मुलाला पहिल्या रात्री मोठ्या माणसांच्या शेजारी बाकावर बसवून ठेवलं होतं. आईला सकाळपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. तेव्हा आम्हालाच नियम माहीत नव्हता, तर आम्ही काय बोलणार? म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

बाल न्याय मंडळ म्हणजे तिघांचं. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई असलीच पाहिजे. तिथं आईबापांना बसता येतं, बोलता येतं.

जामिनाचं काय? बालकाला जामीन देणं हाच नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो की नसो. मात्र सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाच्या कामात अडथळा येईल असं वाटलं तर मंडळ जामीन नाकारू शकतं. तसं असेल तर कारण लिहावं लागतं आणि मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. आपण ज्याला रिमांड होम म्हणतो, तेच.

पुण्याचा मोटारीचा अपघात इथं आठवतो. मे २०२४ मध्ये दोन तरुण इंजिनिअरांचा त्यात जीव गेला आणि गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला. मंडळानं त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोकांना वाटलं, हीच शिक्षा! ती शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. लोक भडकल्यावर मंडळानं त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढं जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला सोडायला सांगितलं, कारण जामीन कायम असताना असं ठेवणं कायद्यात बसत नव्हतं. त्याचा खटला मोठ्यासारखा चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळानं जुलै २०२५ मध्ये नाकारली.

हे सांगितलं की आमच्या बाया लगेच विचारतात, “त्यांच्याकडं पैसा होता, वकील होता. आमच्याकडं काय?” प्रश्न खरा आहे. उत्तर हे की बालकाला आणि कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. १५१०० या नंबरावर फोनही करता येतो. हा हक्क मुलाच्या आईला आहे, तसाच गेलेल्या मुलाच्या आईलाही आहे.

मनाची तपासणी

आता सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. सोळा ते अठरामधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ ‘प्राथमिक मूल्यांकन’ करतं. त्यासाठी पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांची मुदत सांगितली आहे. त्यात मुख्य गोष्टी बघतात त्या अशा: असा गुन्हा करण्याइतकी त्याची शरीराची आणि मनाची कुवत होती का, त्याचे परिणाम काय होतील हे त्याला कळत होतं का, आणि कोणत्या परिस्थितीत हे घडलं.

हा खटला नव्हे. गुन्हा केला की नाही, हे इथं ठरत नाही. खटला कुठं आणि कसा चालवायचा, एवढंच ठरतं.

पण सतरा वर्षांच्या पोराचं मन दोन भेटींत कुणाला कळणार? आपण जन्म दिलाय, तरी आपल्याला कुठं कळतं? म्हणूनच २०२२ साली हरियाणातल्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे काम नाजूक आहे. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकार या विषयातलं कुणी जाणकार नसेल, तर अशा तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. त्यामुळं मुलाच्या वकिलानं आणि गेलेल्याच्या घरच्यांनीही विचारावं, तज्ज्ञ कोण होते, किती वेळ भेटले.

याच काळात आणखी एक कागद तयार होतो, सामाजिक तपासणी अहवाल. तो पंधरा दिवसांत द्यायचा असतो. परिविक्षा अधिकारी घरी येतात, शाळेत जातात, शेजारीपाजारी विचारतात. मुलगा कसा आहे, बाप दारू पितो का, घरात मारहाण आहे का, संगत कुणाची, शाळा का सुटली. आपल्याकडं काय करतात? आई घाबरून म्हणते, “आमचं सगळं चांगलं हाय.” शेजारी म्हणतात, “आम्हाला काय ठाव नाही.” असं करू नका. मुलानं लहानपणापासून घरात मार खाल्ला असेल, डोक्याला कधी इजा झाली असेल, कुणी मोठ्यानं त्याला नादी लावलं असेल, तर ते सांगा. खोटं मात्र काही सांगू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

मूल्यांकनानंतर मंडळ एक तर प्रकरण स्वतःकडं ठेवतं, नाहीतर बाल न्यायालयाकडं पाठवतं. मंडळाचा हा निर्णय ज्याला पटला नाही, त्याला सत्र न्यायालयात अपील करता येतं. बाल न्यायालयही डोळे मिटून पुढं जात नाही. मोठ्यासारखा खटला चालवायची गरज आहे का, हे ते पुन्हा तपासतं.

शिक्षा किती?

प्रकरण मंडळाकडं राहिलं तर समज देणं, समुपदेशन, समाजसेवेचं काम, दंड, देखरेखीखाली घरी सोडणं, आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. याच्या वर नाही. तिथं शिक्षण, हातातलं कौशल्य, समुपदेशन आणि गरज असेल तर व्यसनमुक्तीचे उपचार मिळायला हवेत.

प्रकरण बाल न्यायालयात मोठ्यासारखं चाललं आणि गुन्हा शाबीत झाला, तर मोठ्यांच्या कायद्यातली शिक्षा होऊ शकते. दहा वर्षं होतील, जन्मठेपही होईल. पण दोन गोष्टी होत नाहीत. फाशी नाही. आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही. गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आत असलेल्या कुणालाही या दोन शिक्षा देता येत नाहीत.

आणि एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकत नाहीत. तोवर ‘सुरक्षित ठिकाण’ म्हणून वेगळी जागा असते, तिथं ठेवतात. तिथंही शिक्षण आणि समुपदेशन द्यायचं असतं, आणि मुलाची प्रगती कशी आहे याचा अहवाल दरवर्षी न्यायालयाकडं जायला हवा.

रजा आणि सुटका

समजा, गुन्ह्याच्या वेळी मुलगा सतरा वर्षांचा होता. निकाल लागला तेव्हा एकोणीस, शिक्षा दहा वर्षं. दोन वर्षं तो सुरक्षित ठिकाणी राहील. एकवीसचा झाला की बाल न्यायालय त्याला पुन्हा तपासतं. हा सुधारलाय का? समाजात राहून काही चांगलं करील का? परिविक्षा अधिकाऱ्यांचे अहवाल, दरवर्षीचे अहवाल, जाणकारांचं मत, सगळं बघतात. मग दोन वाटा असतात. सुधारला असेल तर अटी घालून, कुणाची तरी देखरेख ठेवून सोडता येतं. नसेल सुधारला तर उरलेली शिक्षा मोठ्यांच्या तुरुंगात.

म्हणजे निकालाच्या दिवशी सगळं संपत नाही. मधल्या दोन-तीन वर्षांत मुलगा शिकला का, त्याला केल्याचा पस्तावा झाला का, घरचे त्याला भेटायला गेले का, बाहेर आल्यावर त्याला ठेवून घ्यायला कुणी आहे का, या सगळ्याचं वजन पडतं. भाड्याला पैसे नाहीत म्हणून, किंवा लोक काय म्हणतील म्हणून भेटायला जाणं सोडू नका.

विशेष गृहातल्या मुलासाठी आणखी दोन सोयी आहेत. परीक्षा, जवळच्या नात्यातलं लग्न, घरातला मृत्यू, आईवडिलांचं मोठं आजारपण अशा कारणांसाठी मंडळ रजा देऊ शकतं. ती एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत असते, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. दुसरं म्हणजे परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्त्याचा चांगला अहवाल असेल तर मुदतीआधीही अटी घालून किंवा पूर्ण सोडता येतं.

पॅरोल हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो. तो मोठ्यांच्या तुरुंगातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. महाराष्ट्रात त्याला अभिवचन रजा म्हणतात. घरातला मृत्यू, आजारपण अशा अडचणीसाठी ती असते. दुसरी संचित रजा, म्हणजे फर्लो, जी ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वागणूक बरी असल्यावर मिळू शकते. मुलगा एकविशीनंतर तुरुंगात गेला तर हे नियम त्याला लागतात. रजा म्हणजे सुटका नव्हे, वेळेवर परत जावंच लागतं. नाही गेला तर पुढच्या रजेवर पाणी पडतं आणि वर नवा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

सुटल्यावर नोकरीचं काय? मंडळानं ज्याचं प्रकरण संपवलं, त्याच्या माथ्यावर तो डाग राहत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करायची असते. बाल न्यायालयात मोठ्यासारखा खटला चालून ज्याच्यावर गुन्हा शाबीत झाला, त्याची नोंद मात्र राहते.

गेलेल्याच्या आईचं काय?

हे सगळं सांगून झाल्यावर ती माउली म्हणाली, “म्हंजे सगळा कायदा त्याच्याचसाठी.” तिच्या या बोलण्यावर आम्ही वाद घातला नाही. मुलाला सुधारायची संधी द्यायला हवी, कारण त्या वयात मन कच्चं असतं आणि बदलूही शकतं, असं कायद्याचं म्हणणं आहे. आम्हालाही ते पटतं. पण ज्या घरातलं ताट कायमचं रिकामं झालंय, त्या घराला ते पटावं, असं आम्ही कुठल्या तोंडानं म्हणावं?

तिला आम्ही तिचे हक्क सांगितले. तिला मोफत वकील मिळतो. प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, हे ती विचारू शकते. मूल्यांकनाचा निर्णय पटला नाही तर अपिलाला जाऊ शकते. आणि माणूस गुन्ह्यात गेला असेल तर वारसांना शासनाच्या योजनेतून भरपाई मागता येते, त्याची चौकशीही विधी सेवा प्राधिकरणातच करायची. तिच्याबरोबर आमच्यातल्या दोघी गेल्या. भरपाईचा अर्ज भरताना ती दोनदा उठून बाहेर गेली, मग येऊन अंगठ्याऐवजी सही केली. सही ती गटातच शिकली होती.

आपण काय करायचं?

पहिलं, फोनवर जपून. त्या रात्री गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या मुलाचा फोटो नावासकट फिरला. अशा प्रकरणातल्या बालकाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा पसरवायला कायद्यानं बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अत्याचार झालेल्या मुलीच्या बाबतीतही हाच नियम. म्हणूनच आम्ही गावाचं नाव घेतलं नाही.

दुसरं, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं मुलांचा जन्मदाखला आणि शाळेतली जन्मतारीख जुळते का ते बघावं. जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, संकट आल्यावर नाही.

तिसरं, मुलगा शाळा सोडून फिरतोय, खिशात चाकू ठेवतोय, कुणी मोठा माणूस त्याला वाळू किंवा दारूच्या धंद्यात वापरतोय असं दिसलं तर झाकू नका. मुलांना बेकायदा धंद्यात वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष आहे. आधी बोललं तर पुढचं टळतं.

आमच्या गटातलं प्रकरण अजून चालू आहे. मूल्यांकन व्हायचंय. निकाल काय लागेल तो लागेल. सात महिन्यांनी दोघी बैठकीला आल्या. सतरंजीच्या दोन टोकांना बसल्या, एकमेकींकडं बघितलं नाही. अध्यक्षताईंनी नेहमीसारखी हजेरी घेतली. दोघींचेही थकलेले हप्ते गटानं वाटून घेतले होते, ते वहीत लिहिलं. दोघींनी त्या महिन्याची बचत शंभर-शंभर रुपये पुढं ठेवली. कुणी काही बोललं नाही, आणि आम्ही बोलायलाही लावलं नाही.

तुमच्या गटात या विषयावर काही प्रश्न निघाले तर लिहून पाठवा. वकीलताईंना विचारून पुढच्या वेळी उत्तर देऊ.